ठेका कुणाचा, ठराव कुणाचा

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४, पोटकलम १, खंड ग. नोकरीभर हे इतक्यांदा वाचावं लागलं, की आजही तोंडपाठ आहे. पंचायतीच्या हुकुमानं केलेल्या कामात, किंवा पंचायतीशी वा पंचायतीच्या वतीनं झालेल्या करारात ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध असेल, त्याला पंचायतीचा सदस्य होता येत नाही. निवडून आल्यावर असा संबंध जोडला, तर कलम १६ प्रमाणे त्याची जागा जाते. गावात याला कुणी एवढं लांबलचक म्हणत नाही. ‘त्याला ग लावला’ म्हटलं की पारावरच्या प्रत्येकाला कळतं.

सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिणं, सूचक-अनुमोदकांची नावं टाकणं, व्हाउचर जोडणं, सरपंचाबरोबर चेकवर सही करणं हेच काम. पंचायतीचा पैसा कुणाच्या घरी जातो, हे गावात ग्रामसेवकाइतकं नेमकं कुणाला ठाऊक नसतं. म्हणूनच हे कलम आलं कुठून, ते कुणी आणि का लिहिलं, याचा शोध घ्यावा असं मला फार दिवस वाटत होतं. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि जुने कायदे, जुनी पुस्तकं वाचत बसलो. माझी समजूत होती की हे आपल्याकडच्या कुणा सचिवानं १९५८ साली मंत्रालयात बसून लिहिलं असेल. प्रत्यक्षात या वाक्याचं वय पावणेदोनशे वर्षांच्या पुढे निघालं.

त्याच्याही आधी आपल्या गावांत काय होतं, ते पाहू. पाटील सारा वसूल करायचा, कुलकर्णी हिशेब ठेवायचा, आणि दोघांचीही इनामं त्याच गावात असायची. पद आणि मालमत्ता यांत भिंत नव्हतीच. पाटीलकी वंशपरंपरेनं चालायची, भावाभावांत वाटली जायची, अडचणीत विकलीही जायची. निम्मी पाटीलकी विकल्याची खतं जुन्या दप्तरांत सापडतात. ज्याचं वतन विकता येतं, त्याला ‘तुझं घर आणि तुझं पद वेगळं ठेव’ असं कोण आणि कसं सांगणार? तरीही पक्षपाताची जाण त्या काळी नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. वतनाचा तंटा गोतसभेपुढे चालायचा. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार असे सगळे बसून निवाडा करायचे आणि त्याचा मजहर लिहिला जायचा. एखाद्याला वाटलं की या गोतात समोरच्याचे सोयरे जास्त आहेत, तर तो परस्थळ मागायचा. म्हणजे निवाडा आपल्या गावी नको, दूरच्या, दोघांशीही संबंध नसलेल्या ठिकाणी व्हावा. राज्यकर्ते तशी परवानगी देत. मला ही प्रथा फार मोलाची वाटते. निवाडा करणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्याचं नातं मध्ये येतं, हे आपल्या पूर्वजांनी मान्य केलं होतं आणि त्यावर इलाजही काढला होता. पण हा इलाज न्यायापुरता होता. खर्चाला तो कुणी लावला नाही.

खर्चाला तो लावला इंग्लंडातल्या शहरांनी, आणि तेही हात पोळल्यावर. तिथल्या जुन्या नगरसभा म्हणजे बंद दाराच्या मंडळ्या होत्या. सभासदच नवे सभासद निवडायचे. १८३३ साली नेमलेल्या चौकशी आयोगानं गावोगाव जाऊन साक्षी घेतल्या, तेव्हा केंब्रिजसारख्या शहराच्या जमिनी सभासदांनी आपापसांतच स्वस्त पट्ट्यानं घेतल्याचं बाहेर आलं. शहराची मालमत्ता ही आपलीच, अशी तिथल्या लोकांची पक्की धारणा होती. १८३५ साली पार्लमेंटनं म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स अॅक्ट केला, १७८ शहरांना करदात्यांनी निवडलेल्या सभा दिल्या, आणि अपात्रतेच्या २८ व्या कलमात ते वाक्य घातलं: ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, सभेशी झालेल्या करारात हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सभासद होणार नाही. आमच्या माण-खटावच्या पंचायतीत मी जे वाक्य वाचून दाखवायचो, ते जवळपास शब्दाला शब्द हेच.

ते इथवर आलं मुंबईमार्गे. आणि मुंबईची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण तिथे एका माणसात या प्रश्नाच्या दोन बाजू दिसतात.

१८६५ च्या कायद्यानं मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. आर्थर क्रॉफर्ड हा तो माणूस. हुशार, झपाट्याचा, कुणाचं न ऐकणारा. रस्ते, गटारं, सफाई यांत त्यानं शहराचा चेहरा बदलला. त्याच्या नावाची मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. पण खर्चावर लगाम नव्हता. नावाला जस्टिसेस ऑफ द पीस यांची सभा होती. खर्च करणारा आणि खर्च ठरवणारा मात्र बहुतेक एकच. कर वाढले, कर्ज वाढलं, आणि १८७१ साली करदाते रस्त्यावर यायच्या बेतात आले. त्याच वर्षी तरुण फिरोजशहा मेहतांनी एक भाषण केलं. गर्दी क्रॉफर्डच्या विरोधात होती, तरी मेहता म्हणाले की दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा आहे, करदात्यांनी निवडलेली सभा हवी. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, नवा कायदा आला: ६४ सभासद, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. आणि १८८८ मध्ये तो कायदा आला ज्यावर मुंबई महानगरपालिका आजही चालते. ७२ सभासद, त्यांतले ३६ वॉर्डांतून निवडलेले.

या १८८८ च्या कायद्याच्या अपात्रतेच्या कलमात १८३५ चं ते वाक्य येऊन बसलं. सोबत अपवादांची यादीही आली. भाग-भांडवलाच्या कंपनीतला साधा भागधारक अपात्र नाही. महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असलेला अपात्र नाही. महापालिकेला कर्ज देणारा अपात्र नाही. ही यादी वाचली की तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे येते. व्यापारी, गिरणीमालक, वर्तमानपत्राचे चालक हेच निवडून येणार होते, आणि त्यांना सरसकट बाद केलं असतं तर सभाच भरली नसती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. करार करायचा कमिशनरनं आणि मोठ्या कराराला मंजुरी द्यायची सभासदांच्या समितीनं, असे दोन हात या कायद्यानं वेगळे ठेवले. क्रॉफर्डच्या काळानं शिकवलेला धडा तो हाच. गावाच्या पंचायतीला ही सोय कधीच मिळाली नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

क्रॉफर्डची गोष्ट मात्र मुंबईत संपत नाही. पुढे तो मध्य विभागाचा कमिशनर झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश त्याच्या हाताखाली. १८८८ साली त्याच्यावर आरोप आला की मामलतदारांच्या नेमणुका आणि बदल्या पैसे घेऊन होतात, आणि ते पैसे हणमंतराव जहागीरदार नावाच्या त्याच्या मध्यस्थामार्फत पोचतात. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी त्याला निलंबित केलं. तो वेषांतर करून मुंबईहून निसटू पाहत असताना पकडला गेला. आयोग बसला, साक्षी झाल्या. आपण लाच दिली असं अभय मिळाल्यावर मामलतदारांनी स्वतः सांगितलं. पुढे विलायतेत गदारोळ उठला की लाच देणारे अजून खुर्चीवर कसे. काही जणांना घालवलं गेलं, टिळकांनी त्या मामलतदारांची बाजू उचलून धरली, आणि साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा १८८९ मध्ये करावा लागला.

आयोगानं निकाल काय दिला? लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. पण आपल्या अमलाखालच्या सावकार-इनामदारांकडून त्यानं कर्ज घेतलं होतं, आणि तसं कर्ज घ्यायला सनदी नोकरांना बंदी होती. हे मात्र सिद्ध झालं आणि त्याला नोकरीतून काढलं गेलं.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी शिकवण इथे आहे. लाच सिद्ध करणं अवघड असतं. देणारा बोलत नाही, घेणारा नाकारतो. पण ज्याच्यावर तुझी सत्ता चालते त्याच्याशी पैशाचा संबंध ठेवायचाच नाही, हा नियम मोडला की नाही, ते कागदावर दिसतं. कर्जाचा कागद असतो, व्हाउचर असतं, बँकेचं खातं असतं. मनात काय होतं ते शोधावं लागत नाही. १८३५ च्या कलमाचं बळही यातच आहे. सभासदानं कमी दर्जाचं काम केलं का, जास्त दर लावला का, हे ते विचारतच नाही. फक्त विचारतं: यात तुझा हिस्सा होता का?

आता पुणे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शाळा, सत्यशोधक समाज यांच्या सावलीत त्यांचा एक भाग झाकून जातो: ते स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी, येरवड्याच्या पुलाशी, कात्रजच्या बोगद्याशी त्यांचा ठेकेदारीचा संबंध सांगितला जातो. बांधकाम खात्यातले इंजिनिअर, दुय्यम नोकर आणि ठेकेदार मिळून मजुरांना कसे नाडतात, हे त्यांनी आतून पाहिलं होतं आणि उघडपणे लिहिलंही होतं. असा माणूस नगरपालिकेत बसल्यावर काय करतो? व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते, स्वागतावर हजार रुपये खर्चायचा ठराव आला. ३२ सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. मग मोठ्या मंडईचा प्रस्ताव आला. फुल्यांनी हरी रावजी चिपळूणकरांसह त्यालाही विरोध केला, कारण एवढी रक्कम इमारतीत घालण्यापेक्षा ती शिक्षणावर जावी. बांधकामाच्या धंद्यातल्या माणसाला शहरात मोठी इमारत उठणं सोयीचंच असतं. त्यांनी सोयीच्या विरुद्ध मत दिलं. ती मंडई तरीही बांधली गेली आणि क्रॉफर्डवर कारवाई करणाऱ्या लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई हेच आहे. सभागृहात बसलेल्या ठेकेदारानं कसं वागावं याचा नमुना कुणी विचारला, तर मी फुल्यांकडेच बोट दाखवीन. पण कायदा फुल्यांसारख्या माणसांसाठी लिहायचा नसतो. इतरांसाठी तो लागतो.

१९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानं हे वाक्य तालुक्याच्या गावांपर्यंत नेलं, आणि १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानं, जो १९५९ पासून लागू झाला, ते वाडी-वस्तीपर्यंत आणलं. नेमकं त्याच सुमारास वतनदारी संपत होती. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या गावाचा कारभार आणि स्वतःचं घर एकच मानलेल्या समाजाला अचानक सांगितलं गेलं की पंचायतीच्या खडीच्या ठेक्यात तुझा हात दिसला तर खुर्ची जाईल. पहिले कितीतरी सरपंच जुन्या पाटलांच्याच वाड्यातले होते. त्यांना हे पटायला वेळ लागला. ‘गावासाठी माझी बैलगाडी लावली, भाडं घेतलं तर काय बिघडलं?’ हा सवाल मी नोकरीच्या सुरुवातीला एका वयस्क सदस्याच्या तोंडून ऐकला. तो माणूस खरोखर प्रामाणिक होता आणि त्याला नियमाचं खरोखर नवल वाटत होतं.

नंतरच्या काळात नवल कुणाला वाटेनासं झालं. वाट काढायची कशी, हे मात्र सगळे शिकले. पाणंद रस्त्यावर मुरूम टाकायचा ठराव घ्या. तीन दरपत्रकं लागतात, तिन्ही एकाच्याच हातची. सर्वांत कमी दर सदस्याच्या भावाचा किंवा मेव्हण्याचा. ई-निविदा टाळायची म्हणून एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून तीन वेगळी अंदाजपत्रकं. ठेका कुणा तिसऱ्याच्या परवान्यावर, काम आपलं, त्याला परवान्याचे टक्के. शाखा अभियंता मेजरमेंट बुक भरतो, बिल निघतं. मुंबईत १८८८ सालीच करार करणारा आणि मंजुरी देणारा वेगळा केला होता. गावात तसं काहीच नाही. ठराव करणारा सरपंच, चेकवर सही करणारा सरपंच, आणि ठेका घेणाऱ्या मजूर सोसायटीत बसलेलाही त्याच्याच घरातला. मध्ये उभा असतो तो ग्रामसेवक, ज्याची बदली पंचायत समितीत एका फोनवर होते. आता वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन जातो, सही डिजिटल आहे. ती डिजिटल सहीची डोंगल महिला सरपंचाच्या नवऱ्याच्या खिशात असते, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक प्रकरण जवळून सांगतो, नावं-गाव सोडून. मासिक सभेत मुरुमाचा विषय निघाला. सर्वानुमते मंजूर, असं लिहिणार तोच एक वयस्कर सदस्या म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, ट्रॅक्टर कुणाचा हाय ते बी लिवा की.’ सभेत शांतता पसरली. त्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण ठराव वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवत नसत. मी त्यांचा प्रश्न, आणि उपसरपंचांनी दिलेलं उत्तर, दोन्ही प्रोसिडिंगला घेतलं. ‘ट्रॅक्टर माझ्या भावाचा आहे’ एवढंच ते उत्तर. पुढच्या निवडणुकीआधी विरोधी पॅनेलनं जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज केला. पुरावा म्हणून आलं ते हे: प्रोसिडिंगची ती ओळ, मुरुमाचं व्हाउचर, दोघा भावांचं एकच रेशनकार्ड, आणि जमिनीचा एकत्र सातबारा. भावाचा ट्रॅक्टर आणि उपसरपंचाचं घर वेगळं नव्हतं, असा निष्कर्ष निघाला आणि जागा गेली. त्या बाईंना त्याचं फार काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, मी तर फक्त विचारलं.

त्यानंतर गावात एक नवी तऱ्हा सुरू झाली. निवडणूक जवळ आली की भाऊ-भाऊ रेशनकार्डं विभक्त करून घेतात. चूल एकच, कार्डं दोन. कारण न्यायालयांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली होती. विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या निवडणुकीचं प्रकरण १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेलं. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत होता. न्यायालय म्हणालं, नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे. पैशाचा, लाभाचा धागा दाखवावा लागेल. निकाल न्यायाचाच होता. मुलगा नोकरीला आहे म्हणून बापाचा हक्क घालवायचा नाही, हे मलाही मान्य आहे. पण आपल्या एकत्र कुटुंबात तो धागा दिसतो सगळ्यांना आणि कागदावर सापडत नाही, आणि रेशनकार्डाच्या या खेळाला वाव मिळतो तो त्यामुळेच.

तो धागा गोव्यात सापडला, आणि तोही पोर्तुगीज कायद्यात. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्यातही तीच अपात्रता आहे. एका पंचायतीच्या महिला सदस्याच्या पतीला त्याच पंचायतीचं काम मिळालं होतं. ठेका पतीचा, आपला त्यात काय संबंध, असं तिचं म्हणणं. पण गोव्यात आजही पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली दांपत्याच्या सामायिक मालमत्तेची पद्धत आहे. लग्नानंतर पती-पत्नीच्या मिळकतीवर दोघांचाही समान हक्क. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये याच आधारावर म्हटलं, पतीच्या ठेक्यातल्या नफ्यात पत्नीचा हिस्सा आहेच, म्हणून ती अपात्र. इंग्लंडात १८३५ साली जे वाक्य केवळ भागीदारापर्यंत पोचत होतं, ते लिस्बनच्या कायद्याच्या मदतीनं घरातल्या जोडीदारापर्यंत पोचलं. आपल्याकडे सांगलीत किंवा सोलापुरात तोच खटला उभा राहिला असता, तर निकाल तसाच लागला असता याची मला खात्री नाही.

महाराष्ट्रात घराचा प्रश्न जमिनीच्या निमित्तानं पुढे आला. २००६ मध्ये ज-३ हा खंड आला: सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र. केंब्रिजच्या सभासदांनी शहराच्या जमिनी खाल्ल्या होत्या. आपल्याकडे गायरान खाल्लं जात होतं. पण अतिक्रमण सासऱ्यानं केलं आणि सूनबाई त्यात राहतात, तर? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, ज्यानं प्रत्यक्ष अतिक्रमण केलं तोच अपात्र. वर्षभरात, २०१८ मध्ये, मोठ्या पीठानं तो निकाल फिरवला: घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा जो उपभोग घेतो, तोही अपात्र. हा निकाल मला योग्य वाटतो. पण एक गोष्ट बोचते. गोव्यातला २०१२ चा खटला असो की २०१८ चा हा, जागा गेली ती बाईची. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. ठेका नवऱ्याचा, जागा सासऱ्यानं बळकावलेली, आणि अपात्र ठरते ती सून. नवऱ्याचं बिल निघालेलंच असतं. पोटनिवडणुकीत दुसऱ्या कुणाच्या घरची बाई उभी केली जाते आणि कारभार पूर्वीच्याच माणसाच्या हातात राहतो. मी अशा सुनावण्यांना दप्तर घेऊन बसलोय. बाईला विचारलं जातं, ‘तुमच्या पतीचा ठेका तुम्हाला माहीत होता का?’ ती ‘होता’ म्हणाली तर दोषी, ‘नव्हता’ म्हणाली तर अडाणी. कायद्यानं घरापर्यंत पोचणं बरोबर आहे. पण तिथे पोचल्यावर फक्त खुर्चीवरच्या बाईला उठवायचं आणि ठेकेदाराला हातही लावायचा नाही, हे मला पटत नाही. करार रद्द व्हावा, दिलेले पैसे वसूल व्हावेत, त्या घरातल्या ठेकेदाराला काही वर्षं पंचायतीचं काम मिळू नये. तसं झालं तरच नियमाचा धाक खऱ्या माणसाला बसेल.

ज्या देशात हे वाक्य जन्मलं, तो देश त्याच्या पुढे गेला. तिथेही केवळ अपात्रतेनं भागलं नाही. १९७० च्या दशकात जॉन पोल्सन नावाच्या वास्तुविशारदानं नगरसभांतल्या माणसांना पैसे चारून कामं मिळवल्याचं उघडकीला आलं, न्यूकॅसलचा नेता टी. डॅन स्मिथ तुरुंगात गेला. त्या धक्क्यानंतर आचारसंहिता आली, आणि २०११ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानं सभासदानं स्वतःचे आणि पती-पत्नीचेही आर्थिक हितसंबंध नोंदवहीत लिहिणं बंधनकारक केलं. माहीत असून, कारण नसताना लपवलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणजे सांगणं आधी, शिक्षा नंतर. आमच्या पंचायतीत उलटं आहे. आधी कुणी काहीच सांगत नाही. मग विरोधी पॅनेल पाच वर्षं पुरावा गोळा करतं आणि निवडणुकीच्या तोंडावर अर्ज करतं. त्यामुळे हे कलम गावाचं रक्षण करण्यापेक्षा एका गटाच्या हातातलं हत्यार होऊन बसलंय. ‘हा विषय माझ्या घरचा आहे, मी बाहेर बसतो’ असं म्हणून उठून गेलेला सदस्य मी नोकरीत एकही पाहिला नाही. असा माणूस गावाला दिसला, तर लोक त्याला डोक्यावर घेतील, याची मला खात्री आहे.

हे बदलायला मुंबईतल्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभा २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला भरते. तुमच्या पंचायतीनं वर्षभरात कुणाच्या खात्यात किती पैसे भरले, ते ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर नावानिशी दिसतं, मोबाइलवर उघडतं. नसेल दिसत तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर व्हाउचरच्या नकला मिळतात. ती यादी घेऊन ग्रामसभेत उभे राहा आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: हे सदस्यांपैकी कुणाच्या घरचे आहेत का? आणि उत्तर काय मिळालं, ते ग्रामसेवकाला प्रोसिडिंगला लिहायला लावा. तो टाळाटाळ करेल, ‘नंतर बघू’ म्हणेल. त्याच्या शेजारी उभं राहून लिहून घ्या.